मधलं दार उघडं राहणारी खोली

मंडळी, मी बोलतेय आणि सून टाइप करतेय. तिनं मधेच स्वतःचं काही घुसवलं तर मला कळायचं नाही, म्हणून दोनदा वाचून घेणार आहे.

दोन्ही नातवंडांना थीम पार्कला न्यायचंय, तिथेच एक रात्र राहायचंय. आज दुपारी इथे डोंबिवलीला सगळे मोबाइलवर खोल्या बघत बसलेलो. एका खोलीत एकावर एक पलंग. मी म्हटलं, "वर मला चढवताय की काय?" पोरं खिदळली.

हे मात्र म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी घर बघतो."

"घराला काय पाय फुटलेत?" मी म्हटलं. हे हसले नाहीत.

मग गॅलरीत हळूच म्हणाले, "अगं, रात्री जाग आली की मी कुठे आहे तेच कळत नाही. परक्या खोलीत ओरडलो तर पोरं घाबरतील. आजोबा म्हटलं की तेच आठवेल त्यांना."

माझी चेष्टा तिथेच थांबली.

मी सुनेला सांगितलं. तिनं लगेच पार्कच्या हॉटेलात फोन लावला. "दोन खोल्यांमधलं दार रात्रभर उघडं ठेवता येईल ना? आणि एक दिवा चालू?" येईल म्हणाले हॉटेलवाले. (हे लिहायला ती लाजतेय. लिही गं.)

बुकिंग मुलासकट सहाही जणांचं केलंय. ह्यांनी अजून हो म्हटलेलं नाही, पण हे सगळं तुम्हाला विचारायला परवानगी दिलीय.

असं माणूस घेऊन कुणी परगावी राहिलंय का? रात्री त्याला जाग आली की आधी काय बोलता?