कळा सुरू असताना बंद केलेलं इंजिन

मैत्रिणींनो, जीप घेतली त्या दिवशी सासरे म्हणाले होते, "उभ्या गाडीनं पेट्रोल पिऊ नये." तेव्हापासून आमच्या जीपचा नियम आहे की, माणूस चढायला गाडी थांबली तरी इंजिन बंद. पेट्रोल महागल्यावर तर आमच्या यांनी ड्रायव्हर भागवतला तशी तंबीच दिली.

नियम वाईट नाही. पेट्रोल वाचतं, मागे बसलेल्यांच्या नाकात धूर जात नाही. पण बॅटरी पार थकली आहे, ते कुणी बघायचं?

आज सकाळी शेजारच्या सखूला कळा सुरू झाल्या. तिला घेऊन मी आणि तिची सासू अकोल्याला निघालो. वाटेत एका पाहुण्यांना घ्यायला गाडी थांबली. भागवतनं सवयीनं इंजिन बंद केलं, ते पुन्हा सुरूच होईना.

"बाई, ढकलावी लागंल," तो म्हणाला.

मी पाहुण्यांकडे पाहिलं. ते धोतर सावरत म्हणाले, "दोघी हायेत की! माझी आत्ताच इस्त्री झाली."

आम्ही दोघींनी ढकलली. आत सखू ओरडत होती. गाडी सुरू व्हायला इतका वेळ गेला की दवाखान्याच्या फाटकातच, जीपमधल्या पत्र्याच्या बाकावर, ती बाळंत झाली. दोघं सुखरूप आहेत, पण माझा राग अजून उतरलेला नाही.

महिला मंडळाचा हा फलक हेही वाचतात. अहो, अडलेली बाई किंवा आजारी माणूस गाडीत असेल, तेव्हा तरी इंजिन चालू ठेवू द्या. तुम्ही नाही म्हणाल, ठाऊक आहे. तरी सगळ्यांसमोर मागते आहे.