सोपा होत गेलेला धडा

मोलगी गावात मी घेत असलेल्या प्रौढ साक्षरता वर्गात मोगीबाई वसावे पहिल्यांदा माझ्या नजरेत भरल्या, त्या टॅब आपटताना. त्यातला मराठी धडा वाचणाऱ्याच्या वेगाप्रमाणे आपोआप सोपा किंवा अवघड व्हायचा. मोगीबाई प्रत्येक वाक्य वाचून थांबत आणि शेजारणींना ते भिलीत सांगत. एकटीनेच वाचणं त्यांना पटत नसे. टॅबला मात्र वाटे, बाईंना येतच नाही. महिन्याभरात तो 'कमळ बघ'वर उतरला.

"गुरुजी, तूच सांग याला! मला जमिनीची नोटीस वाचायची आहे. बालवाडीत काय बसवतो मला?"

मीही त्या यंत्रावर भडकलो. टॅब बंद केला आणि त्यांची वनहक्काच्या जमिनीची नोटीसच समोर ठेवली. थांबत, शेजारणींना सांगत, त्यांनी ती पूर्ण वाचली.

आता बाजाराच्या दिवशी बायका आपापले कागद घेऊन त्यांच्याकडे येतात.