तीनदा वाचलेली कादंबरी

आज सकाळी परतूरच्या वाचनालयात वैशालीने माझंच पुस्तक माझ्यासमोर उघडलं आणि त्या क्षणाला माझं सगळं बदललं.

दोस्तहो, ढगातल्या शहराची ती कादंबरी आठवते ना? महिनाभर या ग्रुपवर तिचीच तारीफ करून राह्यलो. "तीनदा वाचली, शेवटाला ढसाढसा रडलो, जल्दी मागवा," असं मीच लिहिल्तं. वैशालीला असली पुस्तकं आवडतात आणि मला वैशाली. म्हणून माझी प्रत तिला वाचायला दिल्ती.

आज परत देताना ती म्हणाली, "शेवट काही जमला न्हाई रे."

माझं डोकं सटकलं. "तुला काय कळतं गं पुस्तकातलं? झोपेत वाचली का?" मी एवढ्या जोरात ओरडलो की पेपर वाचणारे काकाही वळून बघायला लागले.

तिने पुस्तक उघडून मधली पानं दाखवली. छापखान्यात कापायची राहिल्याने कडेला एकमेकांना जोडूनच आलेली सोळा पानं. कडा ताज्या फाटलेल्या.

"ही मी परवा पट्टीने फाडली," ती हळू आवाजात म्हणाली. "मंग तू तीनदा कशी वाचलीस?"

खरं सांगतो, मी चाळीसाव्या पानावरच थांबल्तो. कॉलेजही असंच मधात सोडलं. माझ्या शब्दावर ज्यांनी पुस्तक मागवलं, त्यांनी माफ करावं. आवडत्या माणसासाठी तुम्ही कधी असं खोटं बोललात का?

"वाचली न्हाई म्हणला असतास," वैशाली म्हणाली, "तर मीच तुला गोष्ट सांगितली असती."

मी पुस्तक उचललं, बाहेर आलो आणि मागे दार हळूच लावून घेतलं.