लग्नमंडपातला कमांडर

मी मालवाहू जहाजाचा प्रमुख आहे. रजेवर औशाला आलो की लग्नं काही चुकत नाहीत. आमच्याकडे अक्षता पडायच्या आधी माइकवरून पाहुण्यांना पुकारतात आणि फेटे बांधतात. यंदाही माइक धरलेल्या माझ्या मामांनी मला "नौदलाचे कमांडर" करून टाकलं.

किती वर्षं सांगतोय! कमांडर हा लढाऊ नौदलातला हुद्दा. स्किपर म्हणतात मासेमारीच्या किंवा छोट्या बोटीवरच्याला. मला हाक मारतात कॅप्टन, पण कागदावर असतो मास्टर, कारण जहाजाचं जे काही बरंवाईट होईल ते त्याच्या माथी.

मामा म्हणाले, "हाव, समजलं. पण कमांडर म्हणलं की टाळ्या लई पडतात."

भांडायचं त्राण उरलं नव्हतं. फेटा बांधून घेतला, हात जोडले आणि खाली येऊन बसलो.

घरी आल्यावर आईला विचारलं, "तू गं काय सांगतीस लोकांना, पोरगा कोण आहे म्हणून?"

ती माझ्या फेट्याची घडी घालत होती.

"मी काय सांगू," ती म्हणाली. "पोरगं घरी नसतंय म्हणते."