बहिणीचं ताट आणि त्याचं गाणं

गोल बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात मी नावं घालतो. आंदणाची भांडी आली की मशीन धरून काठावर नवरीचं नाव कोरायचं. आठवीनंतर शाळा सुटली, यवतमाळकडून इथे हिंदी मुलखात आलो, तेव्हा बुढापारा मोहल्ल्यातल्या एका मराठी काकूंनी खोली दिली. जेवतोही त्यांच्याकडेच. कावीळ झाली तेव्हा त्यांच्या मुलानेच स्कूटरवरून दवाखान्यात नेलं. हे मी विसरत नाही, म्हणून पुढचं लिहिताना हात अडखळतो.

तो गिटार वाजवतो. मराठी समजते, बोलतो हिंदी. एकदा गच्चीवर त्याला माझ्या बहिणीचं सांगितलं. लग्न ठरलं, बाबांनी सगळ्या भांड्यांवर तिचं नाव घालून आणलं, आणि ती तापाने गेली. नाव घातलेलं भांडं दुकानदार परत घेत नाही. घरचे अजून तिच्याच ताटांत जेवतात. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तेवढ्यानेही मला बरं वाटलं.

मग तेलीबांध्याच्या एका कॅफेत त्याने नवीन गाणं म्हटलं. ‘तेरे नाम की थाली में खाता हूँ.’ संथ, रडवेलं. ताईचं गाणं केलं याने, असं वाटून माझे डोळे भरले. पुढच्या कडव्यात कळलं, थालीवाली दुसऱ्याशी लग्न करून गेली आहे.

शेजारची पोट्टी मैत्रिणीला म्हणाली, ‘पक्का इसकी वाली छोड़ के गई है.’

परवा तो दुकानात स्टीलचे ग्लास घेऊन आला. गाणं ऐकायला येणाऱ्यांना भेट द्यायचे होते, त्यावर तीच ओळ कोरून हवी.

‘भैया, ते ताट माह्या बहिणीचं हाय. तिले तुही गर्लफ्रेंड काहून केली?’

‘अरे, गाने में बहन नहीं चलती यार. लोग अपना ब्रेकअप समझ के रोते हैं. दर्द तो तेरा ही है न?’

‘मी नाही घालत.’

‘मशीन खराब है क्या?’

‘मशीन चांगली हाय.’

ग्लास उचलून तो निघून गेला. मग दिवसभर धास्ती. घरी सांगितलं असेल का, खोली जाईल का.

संध्याकाळी काकूंनी नेहमीचंच ताट वाढलं, त्यांच्या सासूबाईंच्या नावाचं.

‘काहून रे, भांडून राहिले का तुम्ही दोघं?’

‘नाही काकू.’

आतून गिटारवर तीच चाल येत होती.

‘गोड हाय ना गाणं? मले तर रडूच येते.’

‘हव,’ म्हणालो आणि भात कालवत राहिलो. सासूबाईंच्या नावाकडे मात्र वरण जाऊ दिलं नाही.