पाणी न पिणाऱ्या बाया

झोपेत पोटरीला गोळा आला की मी किंचाळून उठायची. पोटरी दगडासारखी घट्ट व्हायची, बोटं वाकडी व्हायची आणि भिंतीला तळवा रेटून उभं राहिल्याशिवाय ती सुटत नसे. सुटली तरी दिवसभर ठणकायची. दिवसभर उभं राहणं हीच तर माझी नोकरी. मी निपाणीहून बसनं सदलग्याकडच्या एका गावात शिकवायला जाते. बाई लंगडत फळ्याकडं निघाल्या की मागं खुसखुस सुरू व्हायची. असंच चाललं तर मला शाळा सोडावी लागणार होती.

सासूबाईंनी उपचार हातात घेतले. उशीखाली कांदा ठेवला, तो कुजला. एरंडेल चोपडलं, ते अंथरुणाला लागलं. शेवटी त्यांनी हुकमी इलाज काढला. त्यांचं अर्धं आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलेलं. तंबाखूची पानं भिजवून, तव्यावर शेकून त्यांनी माझ्या दोन्ही पोटऱ्यांना गच्च बांधली.

"वखारीत आमी समद्याजणी ह्येच बांधत हुतो. आता गोळा येतोय का बघ."

गोळा नाही आला, ओकारी आली. डोकं गरगरलं, घामानं अंग भिजलं, न्हाणीपर्यंतही पोचले नाही. चादर, उशी, केस, सगळ्याला तो तपकिरी, आंबूस वास. नंतर दोन दिवस भात शिजतानाचा वासही नको झाला.

"म्हंजे लागू पडलं म्हणायचं," सासूबाई म्हणाल्या. "आतलं समदं भाईर आलं की."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी सासूबाईंनाच झापलं. तंबाखूचं विष कातडीतूनही अंगात जातं म्हणाल्या. मग मला विचारलं, "दिवसभरात पाणी किती पिता?"

"सकाळी चहा. नंतर घरी आल्यावर."

"मधे?"

मधे शाळा असते, हे त्यांना कसं सांगू? त्या म्हणाल्या, गोळे यायला कारणं पुष्कळ, उभं राहणंही त्यातलंच. पण तुम्ही आधी पाणी प्या आणि झोपण्यापूर्वी पोटऱ्या ताणा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं आमचं चाललं होतं.

आमच्या शाळेच्या संडासाला कडी नाही. एका हातानं दार धरायचं, दुसऱ्यानं नाकाला पदर, आणि साडी सावरायला तिसरा हात देवानं दिलेला नाही. भांड्यात आदल्या आठवड्याचं तसंच, त्यावर माश्या, नळ कोरडा. पुरुष मास्तर शेजारच्या उसात जातात. आम्ही तिघी बाया पाणीच पीत नसू. वर त्याची फुशारकी! डबा खाताना एकमेकींना सांगायचो, "माझं तर थेट घरी गेल्यावरच." जणू निर्जळी एकादशीच करतोय. त्या फुशारकीची मला संडासापेक्षा जास्त किळस येते.

मी हेडमास्तरांकडं गेले.

"ग्रँट आली की बघू, बाई. आजवर कुणी बोललं न्हाय की."

मग मी कुणाला दिसू नये म्हणून स्टाफरूमचं दार लोटून घेऊन बाटली तोंडाला लावायला लागले. जावं लागलं की श्वास कोंडून जायची, मळमळत बाहेर यायची. गोळे मात्र कमी झाले. पाय हलके झाले, लंगडणं थांबलं, आणि मी स्वतःवर बेहद्द खूश झाले.

परवा पालकसभा झाली. सहावीतल्या एका मुलीची आई भेटायला आली. मुलगी आठवडाभर शाळेत नव्हती. लघवीला आग होत होती, ताप हटत नव्हता. आता दवाखान्यात ठेवली होती.

"असं कशानं झालं?" मी विचारलं.

"काय की, बाई. पोर लई शानी हाय बघा," आई कौतुकानं म्हणाली. "शाळंत पाण्याचा घोट घेत न्हाय. पी म्हटलं तर म्हणती, आमच्या बाई तरी कुटं पित्यात?"