वाळूतले खांब

लातूर वेगळा जिल्हा झाला त्याच्या पुढच्या साली मांजरा शिमग्यालाच आटली. नदीकाठी गुंडप्पाचा पानमळा होता. वडिलांनी लावलेले वेल, पाण्याची एक पाळी चुकली तरी माना टाकणारे. त्यानं पात्रातच वाळू उपसून, पाणी झिरपेपर्यंत खोल झिरा खणला. कडेला बाभळीचे चार खांब ठोकले, वर फळ्या टाकल्या आणि पाणी उपसायला डिझेलचं इंजन बसवलं.

इंजन थंड ठेवणारं पाणी नळीतून खांबांपाशीच पडायचं. कोमट, तेलाच्या वासाचं. तरी बाया घागरी घेऊन तिथं बसत. प्यायला पाणी नेणाऱ्याला उठवायचं नाही, ही त्याच्या घरची रीत.

मग इंजनाचा पट्टा घसरू लागला. वाकून पाहिलं, तर झिऱ्याकडचे खांब बोटभर खाली गेलेले.

काळ्या मातीत खांब हलला की बुडाशी पाणी ओतायचं, पहारीनं ठेचायचं. माती वाळली की खांब पक्का. जन्मभर त्यानं तेच केलं होतं, इथंही तेच केलं. सकाळी खांदा लावून पाहिला; खांब हलेना. इंजन चालू केलं आणि दुपारपर्यंत खांब वीतभर खाली.

"अप्पा, तुमचं इंजन नमस्कार घालून राहिलं की," सरजाबाई घागर पुढं सरकवत म्हणाली.

"घालू दे. कुणीतरी देवाला विनवलंच पाहिजे."

"देव लांब हाय. लातूरला विनवा. जिल्हा जवळ आला म्हणं."

"जाऊन आलो. बोअरची गाडी येऊन राहिली म्हणले. अजून येऊनच राहिली."

इंजन चालू असतानाच तो उकिडवा बसला, ओल्या वाळूवर तळवा टेकला. वाळू थरथरत होती, आंबिलीसारखी पातळ. हात मनगटापर्यंत सहज आत गेला. इंजन बंद केलं, तशी तीच वाळू आवळत आली. हात ओढून काढावा लागला.

त्यानं नळीचं तोंड लांब नेलं. बाया तिकडं सरकल्या. वरची वाळू सुकली, पण खांब जातच राहिले. बुडाशी झिऱ्याचंच पाणी होतं. ज्या पाण्यासाठी इंजन हादरत होतं, तेच पाणी हादऱ्यानं खांबांखालची वाळू सैल करत होतं.

"आता नका चालू करू," बायको शिवकांता म्हणाली. "इंजन गेलं तर हाती काहीच राहायचं न्हाई."

"बंद ठिवलं तर मळा आजच जातोय, शिवकांते."

ती खोरं घेऊन मळ्यात बारे धरायला, ओळीओळीला पाणी वळवायला गेली.

गुंडप्पानं हँडल मारलं. पाणी पाटाला लागलं. तो फळीखाली खांदा देऊन उभा राहिला. इंजनाचा हादरा दातांपर्यंत येत होता. त्याचेही पाय रुतत गेले. फळी कलली, पट्टा उडाला, इंजन आडवं होऊन झिऱ्यात गेलं आणि गप्प झालं. तो गुडघ्यापर्यंत वाळूत अडकला होता. बायांनी दोर लावून त्याला ओढलं.

मळ्यात पाणी अर्ध्याच ओळींना पोचलं होतं. पुढच्या वेलांपाशी शिवकांता खोरं धरून वाट बघत उभी होती.